बेक्वेचे चार दिवस: पोर्ट एलिझाबेथमध्ये निवांत राहण्यासाठी

पोर्ट एलिझाबेथ हे बेक्वे बेटावरचं मुख्य गाव. सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्स या देशात सेंट व्हिन्सेंट हे मोठं बेट आहे आणि त्याच्या दक्षिणेला लहान बेटांची माळ आहे. त्या माळेतलं पहिलं मोठं बेट म्हणजे बेक्वे. क्षेत्रफळ जेमतेम १८ चौरस किलोमीटर, वस्ती पाच हजारांच्या आसपास. इंग्रजी स्पेलिंग पाहून ‘बेक्विया’ म्हणावंसं वाटेल, पण तिथे सगळे बेक्वेच म्हणतात. टॅक्सीवाल्याला आणि बोटीवर विचारताना तेच म्हणा.

गाव ॲडमिरल्टी बे नावाच्या खोल खाडीच्या काठाशी वसलंय. खाडी पश्चिमेकडे उघडते. वारा बहुतेक पूर्वेकडून येतो आणि डोंगर तो अडवतात, त्यामुळे खाडीतलं पाणी शांत असतं. जगभरातल्या शिडाच्या बोटी इथे नांगर टाकून बसतात. एक मुख्य रस्ता, बोटीचा धक्का, भाजीबाजार, चर्च, दोन-तीन बँका, छोटी दुकानं आणि पाण्याला लागून जाणारी पाऊलवाट, एवढंच गाव.

हा लेख पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे, आणि तोही चार रात्रींच्या मुक्कामासाठी. माझं सांगणं एकच आहे: मुक्काम धक्क्यापासून चालत जाता येईल अशा जागी करा, बेट ‘बघून संपवायचा’ विचार सोडा आणि चार दिवसांत मोठी सहल फार तर एकच ठेवा. आपल्याला पॉइंट मोजत फिरायची सवय असते. बेक्वेत त्या सवयीने दोन दिवसांत सगळं उरकतं आणि हाती फक्त टॅक्सीची बिलं उरतात. इथला आराम रोज त्याच वाटेने त्याच किनाऱ्यावर जाण्यात आहे. तिसऱ्या दिवशी बाजारातली बाई तुम्हाला ओळखते आणि बोलणं सुरू होतं.

आधी महिना ठरवा

डिसेंबर ते मे हा कोरडा काळ. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. १ जुलै २०२४ रोजी बेरिल हे चक्रीवादळ याच बेटांवरून गेलं. दक्षिणेकडच्या युनियन आयलंडवर फार मोठी हानी झाली, कॅनुआन आणि मेरो या बेटांनाही जबर फटका बसला. बेक्वे त्यामानाने वाचलं. पावसाळ्यात गर्दी कमी आणि भाडी उतरलेली असतात, पण वादळ आलं की बोटी आणि विमानं बंद होतात. चार दिवसांच्या सुट्टीसाठी हा धोका पत्करू नये असं मला वाटतं.

डिसेंबर-जानेवारीत वारा जोराचा असतो आणि समुद्र खवळलेला असतो. ज्यांना बोट लागते त्यांनी एप्रिल-मे निवडावा. ईस्टरच्या सुमारास मात्र इथे शिडाच्या होड्यांच्या मोठ्या शर्यती होतात. त्या दिवसांत गाव फुलून जातं आणि खोली मिळणं अवघड होतं. शर्यती पाहायच्या असतील तर कित्येक महिने आधी खोली ठरवा. शांतता हवी असेल तर ईस्टर उलटून जाऊ द्या.

वाट आणि कागदपत्रं

सेंट व्हिन्सेंटला पर्यटक म्हणून जाताना भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. तिकीट काढण्याआधी तिथल्या सरकारी संकेतस्थळावर नियम एकदा पाहून घ्या. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता मात्र इमिग्रेशनवर विचारतात, दोन्ही छापून जवळ ठेवा.

खरी अडचण वाटेतल्या देशांची असते. मायामीमार्गे गेलात तर विमान बदलण्यापुरताही अमेरिकेचा व्हिसा लागतो. टोरोंटोमार्गे कॅनडाचंही तसंच. म्हणूनच न्यू जर्सी, टेक्सास किंवा टोरोंटोत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे बेट सोपं पडतं, पुण्या-मुंबईहून निघणाऱ्यांना लांब. भारतातून जाणाऱ्यांनी लंडन-बार्बाडोस ही वाट पाहावी. बार्बाडोसला भारतीयांना आगाऊ व्हिसा लागत नाही आणि तिथून सेंट व्हिन्सेंटला छोटी विमानं जातात. लंडनला ट्रान्झिट व्हिसा लागतो की नाही, हे तुमच्याकडे इतर कोणत्या देशांचे व्हिसा आहेत आणि तुम्ही विमानतळाबाहेर पडणार आहात का यावर ठरतं. तिकिटाचे पैसे भरण्याआधी याचा सोक्षमोक्ष लावा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. त्रिनिदाद हा पीतज्वराच्या यादीतला देश आहे. तिथे राहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसेल तर तुम्हाला विलगीकरणात ठेवता येतं. स्वस्त तिकिटाच्या मोहाने पोर्ट ऑफ स्पेनला मुक्काम जोडणार असाल तर निघण्याच्या किमान दहा दिवस आधी लस घ्या.

आर्गाईल ते धक्का, धक्का ते बेट

मोठी विमानं सेंट व्हिन्सेंटच्या आर्गाईल विमानतळावर उतरतात. तो २०१७ मध्ये सुरू झाला. बेक्वेवर स्वतःची छोटी धावपट्टी आहे. बेक्वेचेच असलेले आणि १९८४ ते २००० पंतप्रधान राहिलेले जेम्स मिचेल यांचं नाव तिला दिलंय. बार्बाडोसहून थेट बेक्वेला जाणारं छोटं विमान मिळालं तर वेळ वाचतो. तरीही पहिल्यांदा जाताना बोटीने जा असंच मी सांगेन. समुद्रातून खाडीत शिरताना अख्खं गाव एका नजरेत समोर येतं आणि कुठे काय आहे ते तिथेच समजून जातं.

आर्गाईलहून राजधानी किंग्सटाउनच्या धक्क्यापर्यंत टॅक्सीने साधारण अर्धा तास लागतो. बसण्याआधी भाडं विचारा आणि लगेच पुढचा प्रश्न विचारा: कोणते डॉलर? इथलं चलन पूर्व कॅरिबियन डॉलर आहे. १९७६ पासून त्याचा दर एका अमेरिकन डॉलरला २.७० असा बांधलेला आहे. अमेरिकन डॉलरही सगळीकडे चालतात. ‘तीस’ म्हणजे कोणते तीस, हे आधी ठरलं नाही तर जवळजवळ तिप्पट फरक पडतो. टॅक्सी, होडी, जेवण, टोपी, जिथे जिथे पैसे द्याल तिथे हा प्रश्न विचारा. त्याचा कुणाला राग येत नाही.

वाटेत आर्नोस व्हेलचं क्रिकेटचं मैदान लागतं. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात अफगाणिस्तानने इथे आधी ऑस्ट्रेलियाला आणि मग बांगलादेशला हरवून उपांत्य फेरी गाठली. ड्रायव्हरशी गप्पांना याहून चांगला विषय नाही. भारतातून आलोय म्हटलं की तो स्वतःच क्रिकेट काढेल.

किंग्सटाउनच्या ग्रेनेडीन्स धक्क्यावरून बेक्वेच्या मोठ्या बोटी सुटतात. अंतर सुमारे १५ किलोमीटर, वेळ तासाभराचा, म्हणजे गेटवेहून मांडव्याला जाण्याइतकाच. मात्र हा समुद्र उघडा आहे. दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीत वारा आणि प्रवाह एकमेकांना भिडतात आणि मधली वीस-पंचवीस मिनिटं बोट चांगलीच डोलते. बोट लागत असेल तर गोळी अर्धा तास आधी घ्या किंवा आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवा. बसायला मागची, मोकळ्या हवेतली जागा धरा आणि नजर क्षितिजावर ठेवा. मोबाइल खिशात राहू द्या. मोठी बॅग खलाशी खाली गाड्यांच्या डेकवर ठेवतात. औषधं आणि पासपोर्टची पिशवी तेवढी अंगाशी असू द्या. तिकीट धक्क्यावर किंवा बोटीत मिळतं.

दिवसाची शेवटची बोट संध्याकाळी निघते आणि रविवारी फेऱ्या कमी असतात. तुमचं विमान दुपारी उशिरा उतरत असेल तर बोट मिळणारच असं धरून चालू नका. त्या रात्री किंग्सटाउनजवळ राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी वेळ असेल तर तिथलं वनस्पती उद्यान पाहून घ्या. १७६५ मध्ये सुरू झालेलं हे उद्यान पश्चिम गोलार्धातल्या सर्वांत जुन्या उद्यानांपैकी आहे. कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये ताहितीहून निरफणसाची रोपं आणली ती इथेच. मळ्यांत राबणाऱ्या गुलामांना स्वस्तात खायला घालता यावं, एवढाच त्यामागचा हेतू होता. आज तोच निरफणस या देशाच्या राष्ट्रीय थाळीत आहे: निखाऱ्यावर भाजलेला निरफणस आणि तळलेली जॅकफिश.

खोली कुठे घ्यावी

गावाच्या दक्षिणेला बेलमाँट आहे. धक्क्यापासून पाऊलवाटेने चालत जाता येतं, खाणावळी हाताशी आणि पुढे प्रिन्सेस मार्गारेट किनारा. पहिल्या खेपेला इथेच राहा. लोअर बे हा त्याच्यापुढचा किनारा, अधिक शांत आणि घरगुती. पोहणं आणि वाचन यापलीकडे काही नको असेल तर तो बेलमाँटहूनही बरा. खाडीच्या उत्तरेला हॅमिल्टन हे स्थानिकांची वस्ती असलेलं गाव आहे, भाडं थोडं कमी पण किनारे लांब. स्प्रिंग आणि इंडस्ट्री हा ईशान्येचा भाग सुंदर आहे, पण तिथे राहिलात की प्रत्येक जेवणासाठी टॅक्सी लागते. शिवाय अलीकडच्या वर्षांत वसंत-उन्हाळ्यात पूर्वेच्या किनाऱ्यांवर सरगॅसम हे तपकिरी शेवाळ ढिगाने येऊन कुजतं. पश्चिमेची ॲडमिरल्टी बे त्यातून बरीचशी सुटते.

खोली ठरवताना मालकाला पुढचे प्रश्न नक्की विचारा. रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती? जाहिरातीत ‘समुद्राचा देखावा’ लिहिलेला असला की ते घर टेकडीवर असतं, आणि इथल्या टेकड्या उभ्या आहेत. आईवडील बरोबर असतील तर हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मच्छरदाणी आहे का? स्वयंपाकघर आहे का?

पाण्याबद्दल विचारायची गरज नाही, ते समजून वागायची आहे. बेक्वेवर नदी नाही. घरोघरी छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून टाकीत साठवतात आणि कोरड्या महिन्यांत तेच पुरवून वापरतात. एप्रिलमध्ये तुम्ही अर्धा तास शॉवर चालू ठेवलात तर मालकाला पाणी विकत आणावं लागतं. अंग ओलं करा, नळ बंद करा, साबण लावा, मग धुवा. आपल्याकडे बादलीने आंघोळ करणाऱ्याला हे अवघड नाही.

वीज २३० व्होल्ट, म्हणजे आपले चार्जर चालतात. प्लग मात्र ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा लागतो. तो मुंबईहूनच घेऊन जा.

उतरल्यावर पहिली संध्याकाळ

धक्क्याजवळ बदामाचं मोठं झाड आहे, आपल्याकडे शाळेच्या अंगणात असतं तेच लाल पानांचं. त्याच्या सावलीत टॅक्सीवाले बसलेले असतात. टॅक्सी म्हणजे बहुधा मागे बाक टाकलेला, वर छप्पर घातलेला पिकअप. बेलमाँटला राहणार असाल आणि सामान हलकं असेल तर टॅक्सीही नको.

कुणाशीही बोलायला सुरुवात करण्याआधी ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’ म्हणा. दुकानात शिरताना, व्हॅनमध्ये चढताना, बाकावर बसलेल्या आजोबांजवळून जातानासुद्धा. अंधार पडल्यावर भेटतानाही ‘गुड नाईट’ म्हणतात. नमस्कार न करता थेट ‘हे केवढ्याला?’ विचारणं तिथे उद्धटपणा समजला जातो, आणि मग आपल्यालाच वाटतं की लोक तुसडे आहेत. मी या बेटाबद्दल ऐकलेल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे.

पोहण्याचे कपडे किनाऱ्यावरच. गावात, बँकेत, दुकानात अंगभर कपडे घाला. लष्करी ठिपक्यांचे (कॅमोफ्लाज) कपडे, टोपी किंवा पिशवीसुद्धा, या देशात सामान्य माणसाला कायद्याने वापरता येत नाहीत. मुलांच्या बॅगा भरताना तेवढं तपासा.

पहिल्या संध्याकाळी फक्त एवढं करा: पैसे काढा, पाणी आणि फळं घ्या, धक्क्यावरून परतीच्या बोटींचं वेळापत्रक फोनमध्ये टिपून घ्या आणि बेलमाँटच्या वाटेने चालत जा. समुद्र डावी-उजवीकडे नाही, अक्षरशः पायाशी असतो. भरतीच्या वेळी काही ठिकाणी लाट वाटेवर येते, चप्पल भिजली तर चालेल अशीच घाला. सूर्य वर्षभर सहाच्या आसपास मावळतो आणि काळोख चटकन पडतो, म्हणून जेवायला जाताना टॉर्च ठेवा.

मधले दिवस

बेलमाँटची वाट पुढे लाकडी पुलावजा मार्गाने आणि पायऱ्यांनी डोंगराच्या नाकाला वळसा घालून प्रिन्सेस मार्गारेट किनाऱ्यावर उतरते. १९५०च्या दशकात राजकन्या मार्गारेट इथे पोहल्या, त्यावरून हे नाव. सोनेरी वाळू, सावली देणारी झाडं, आणि पाणी इतकं निवळ की गळ्यापर्यंत उभं राहून पायाची बोटं दिसतात. इथे सकाळी सात ते दहा या वेळात जा. ऊन सौम्य असतं आणि किनारा जवळजवळ रिकामा असतो. बेक्वे साधारण चेन्नईच्याच अक्षांशावर आहे. थंड वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि दुपारपर्यंत पाठ भाजून निघते. अकरा ते तीन सरळ झोपा किंवा वाचा.

किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाहून एक पायवाट लोअर बेला जाते. चढ नको असेल तर गावातून रंगीत लाकडी होड्या, म्हणजे वॉटर टॅक्सी, थेट वाळूवर सोडतात. भाडं माणशी की फेरीचं, हे आधी ठरवा आणि परत न्यायला कधी यायचं तेही सांगा. रविवारी दुपारी लोअर बेला स्थानिक कुटुंबं उतरतात. मुलं पाण्यात, कुणी डबा उघडलेला, कुणाची गाणी चालू. बेटावरची माणसं भेटायची असतील तर रविवार इथेच घालवा. तसंही गावात त्या दिवशी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून किराणा शनिवारी सकाळीच भरून ठेवा.

एखाद्या संध्याकाळी उत्तरेच्या टेकडीवरच्या फोर्ट हॅमिल्टनला चालत जा. किल्ला म्हणावा असं फारसं उरलेलं नाही, काही तोफा आहेत, पण खाली पसरलेली अख्खी खाडी आणि तिच्यातल्या शिडाच्या बोटी इथून जशा दिसतात तशा कुठूनच नाही. अमेरिकेच्या दहा डॉलरच्या नोटेवर ज्यांचं चित्र आहे त्या अलेक्झांडर हॅमिल्टन यांचे वडील जेम्स १७७०च्या दशकात याच बेटावर राहायला आले होते.

अर्ध्या दिवसाची टॅक्सी करायची तर एकदा करा, आणि त्यात पूर्वेचा भाग घ्या. पार्क बेजवळ ‘ओल्ड हेग’ हे कासवांचं केंद्र आहे. ऑर्टन किंग या तिथल्याच माणसाने ते १९९५ मध्ये सुरू केलं. स्वतः पाण्यात बुडी मारून मासे पकडणाऱ्या या माणसाने हॉक्सबिल कासवाची पिल्लं वाढवून समुद्रात सोडण्याचं काम हाती घेतलं. पिल्लं अशी टाकीत वाढवावीत की नाही यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी ज्या बेटावर कासव खाल्लं जायचं तिथे एका मच्छीमाराने हे काम उभं केलं, याचं मोल मला मोठं वाटतं.

फ्रेंडशिपमधलं बोटींचं छोटं संग्रहालय चुकवू नका. जाण्याआधी उघडं आहे का ते फोन करून विचारा. बेक्वे हे बोटी बांधणाऱ्यांचं बेट आहे. ‘फ्रेंडशिप रोझ’ हे शिडाचं जहाज इथल्याच वाळूवर, हाताने बांधून १९६९ मध्ये पाण्यात उतरवलं. मोठ्या फेरीबोटी येण्याआधी माणसं, टपाल आणि माल तेच ने-आण करायचं. गावात लाकडी नमुना-बोटी करणाऱ्यांची दुकानं आहेत. काम पाहत उभं राहिलं तर कारागीर हरकत घेत नाहीत.

देवमाशांच्या शिकारीबद्दल आधीच कल्पना असलेली बरी. १८७०च्या दशकापासून इथले लोक उघड्या शिडाच्या होडीतून, हाताने भाला फेकून हंपबॅक देवमासा मारत आले आहेत. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने त्याला पारंपरिक शिकार म्हणून परवानगी दिलेली आहे: २०१९ ते २०२५ या सात वर्षांसाठी मिळून २८ देवमाशांची मर्यादा होती. अनेक वर्षी एकही मिळत नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर यावर बोलणं निघेल. मला ही शिकार थांबावी असं वाटतं. पण पाहुण्याने तिथे जाऊन वाद घालू नये, ऐकून घ्यावं. त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या धाडसाची ती गोष्ट आहे.

फ्रेंडशिपच्या बाजूला उभं राहिलं की पूर्वेला बॅलिसो नावाचं ओसाड बेट दिसतं. सेंट व्हिन्सेंटच्या गॅरिफुना लोकांना, म्हणजे आफ्रिकी आणि मूळच्या कॅरिब अशा मिश्र वंशाच्या समाजाला, युद्धात हरवल्यावर ब्रिटिशांनी १७९६-९७ मध्ये सुमारे पाच हजार जणांना तिथे कोंडलं. पाण्याविना, रोगाने जवळजवळ निम्मी माणसं मेली. उरलेल्यांना जहाजात घालून मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ रोआतान बेटावर सोडून दिलं. टॅक्सीवाल्याला ते बेट दाखवायला सांगा. बहुतेक पाहुणे विचारत नाहीत.

टोबॅगो केज या संरक्षित सागरी उद्यानाची सहल पूर्ण दिवसाची असते. पाच निर्मनुष्य बेटं, प्रवाळ, कासवांबरोबर पोहणं, सगळं खरं आहे. पण चार रात्रींपैकी एक अख्खा दिवस बोटीत जातो आणि दुसरा थकवा काढण्यात. पाच-सहा रात्री असतील तरच ती ठरवा.

खाणं, शाकाहाऱ्यांसकट

मराठी माणसाला इथला भाजीबाजार ओळखीचा वाटतो. धक्क्याजवळच्या बाजारात बरेच विक्रेते रास्ताफारी, म्हणजे जटा राखणाऱ्या एका कॅरिबियन धर्मपंथाचे, आहेत. आग्रह जोरात करतात, पण गोड बोललं की भाव सांगतात आणि चव बघायलाही देतात. निरफणस, अळू, ओल्या तुरीचे दाणे, रताळी, भोपळा, सीताफळ, चिंच, जायफळ, आलं, सगळं मिळतं. खोलीत गॅस असेल तर निरफणसाचे काप करायला रवा आणि मसाला घरून न्या. डाळी मिळतात पण निवड कमी, आणि बाहेरून येणारा किराणा महाग पडतो.

कॅलालू हे सार तिथे अळूच्या पानांचंच करतात. शाकाहारी असाल तर आधी विचारा, कारण त्यात खारवलेलं डुकराचं मांस किंवा खेकडा घालायची पद्धत आहे. ‘व्हेजिटेबल रोटी’ मात्र निर्धास्त मागवा. मोठ्या मऊ रोटीत बटाटा-चण्याचा रस्सा गुंडाळून देतात. १ जून १८६१ रोजी ‘त्रावणकोर’ हे जहाज मद्रासहून करारबद्ध मजुरांना घेऊन सेंट व्हिन्सेंटला आलं. १८८० पर्यंत सुमारे अडीच हजार भारतीय उसाच्या मळ्यांवर उतरले. त्यांच्यासारख्याच मजुरांची ही रोटी आता सगळ्या कॅरिबियनची झालीय. १ जून हा दिवस या देशात भारतीय आगमन दिन म्हणून पाळतात.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे: टूना, माहीमाही, स्नॅपर आणि लांबी म्हणजे शंखातलं मांस. लॉबस्टर मे ते ऑगस्ट बंद असतो, त्या काळात कुणी देऊ केला तरी घेऊ नका. जेवण मागवल्यावर पाऊणएक तास लागतो, म्हणून भूक लागायच्या आधी जाऊन बसा. लहान खाणावळीत संध्याकाळी काय खाणार ते सकाळीच सांगून ठेवलं तर उत्तम. स्थानिक रमपैकी एक ८४.५ टक्के अल्कोहोलची आहे. तिच्यापासून सांभाळून राहा.

जपायच्या दोन-चार गोष्टी

कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं विषारी झाड असतं. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, वास गोड. फळ चाखू नका, मुलांना हात लावू देऊ नका आणि पावसात त्याखाली उभं राहू नका. पानांवरून ओघळणाऱ्या पाण्यानेही त्वचेवर फोड येतात. ओळखता येत नसेल तर बसण्याआधी स्थानिक माणसाला विचारा.

सकाळ-संध्याकाळ डास आणि वाळूतल्या बारीक माश्या चावतात. डेंग्यूही असतो. मलम आणि पूर्ण बाह्यांचा पातळ कुर्ता पुरतो. गावातलं रुग्णालय लहान आहे. गंभीर काही झालं तर बोटीने किंग्सटाउनला न्यावं लागतं. नेहमीची औषधं पूर्ण मुक्कामाची आणि दोन दिवस जास्तीची घ्या, प्रवास विमाही काढा.

परतीचा दिवस

विमान दुपारी असेल तर बेक्वेहून सकाळची पहिली बोट धरा. विमान सकाळी असेल तर आदल्या संध्याकाळीच सेंट व्हिन्सेंटला या. समुद्र खराब असला की बोटी उशिरा धावतात आणि विमान त्यासाठी थांबत नाही. परतीचा दिवस रविवार येत असेल तर त्या दिवशीच्या फेऱ्या धक्क्यावर विचारून पक्क्या करा, इंटरनेटवरचं वेळापत्रक जुनं असू शकतं.

कासवाच्या पाठीच्या वस्तू, देवमाशाचं हाड, प्रवाळ यांतलं काहीही विकत घेऊ नका. आंतरराष्ट्रीय करारानुसार या गोष्टींच्या व्यापारावर बंदी किंवा कडक निर्बंध आहेत आणि विमानतळावर त्या जप्त होतात. जायफळ, तिखट मिरचीचा सॉस आणि लाकडी बोट आणायला हरकत नाही. सॉसची बाटली चेक-इन बॅगेत ठेवा. बोटीची डोलकाठी सुटी करून बांधून मिळते का ते कारागिराला विचारा. उरलेले पूर्व कॅरिबियन डॉलर आर्गाईलला पोचण्याआधीच संपवा, भारतात ते कुणी बदलून देत नाही.